संपाच्या वयाची झाडं

आमच्या घरामागच्या डोंगराला मुंबईहून आलेली पोरं जंगल म्हणतात. काकी अजून त्याला शेत म्हणते. "सकाळची शेतात ग्येली हुती," असं ती सांगते तेव्हा ती ऐन-किंजळीच्या दाट सावलीतून सुक्या फाट्यांची मोळी घेऊन आलेली असते. त्या शेतात चाळीस वर्षांत कुणी कुदळ मारलेली नाही. तरी तिच्या लेखी ते शेतच.

२०२२ च्या मे महिन्यात मी गावी गेलो तो या डोंगराच्या हद्दी बघायला. गाव संगमेश्वर तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं. एक लाकडाचा ठेकेदार आमच्या वरकस जमिनीतलं जंगल उभ्याने विकत मागत होता. सातबाऱ्यावर आमची तेवीस नावं. कुणी विरारला, कुणी कल्याणला, कुणी डोंबिवलीला. गणपतीत एकत्र येतो तेवढीच भेट. त्यातल्या बहुतेकांनी संमतीच्या कागदावर सह्या करून टाकल्या होत्या. माझी राहिली होती. सही करायच्या आधी आपण काय विकतोय ते एकदा बघावं, एवढंच माझ्या मनात होतं.

पण बघणार कसं? आमची हद्द कुठून कुठपर्यंत हे तेवीस जणांत एकटीला माहीत, काकीला. काका गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं होतं. वय पंचाहत्तरच्या आसपास. मी म्हटलं, "काकी, तू नुसती खालून हात करून दाखव. मी जाऊन येतो." तर म्हणाली, "तुला एकट्याला काय गावनार नाय. चल, मी येत्ये." कमरेला आकडी लावून त्यात कोयती अडकवली आणि निघाली.

त्या दिवशी तीन टप्प्यांत आम्ही तो डोंगर चढलो. मला वाटलं होतं नुसती जमीन बघायची आहे. पण जसजसे वर गेलो तसतसे आम्ही मागे मागे गेलो.

पहिला टप्पा वाडीला लागूनच. भाताचे चार कुणगे. हे पडीक पडून आठच वर्षं झालेली. तरी आत शिरायला कोयती चालवावी लागली. रानमोडी डोक्याच्या वर. तिच्यात करवंदीच्या जाळ्या, धायटी, कुडा आणि मोठ्या पानांचे चांदवड. जमीन मोकळी पडली की आधी ही मंडळी येतात. बांध अजून शाबूत होते, पायाला लागत होते. काकी प्रत्येक बांधावर थांबून कुणग्याचं नाव सांगायची. हा वडाकडचा. हा लांबट. हा बारका, ह्याच्यात दाढ टाकायचो.

हे कुणगे काकीने स्वतः सोडले, २०१४ साली. कारण रानडुक्कर. आधी दोन वर्षं ती रात्री राखणीला जात होती. पत्र्याचा डबा वाजवायचा, हाकाटी करायची. "एकटी बाई किती हाका मारनार? पयले चार घरची मानसं राखनीला आसायची, ह्या मळ्यातनं त्या मळ्यात हाक जायाची. मंग दोन घरं ऱ्हायली. मंग मी एकटीच." त्या साली कापणीच्या चार दिवस आधी डुकरांच्या कळपाने एका रात्रीत सगळं भात लोळवलं. पंचनामा झाला, भरपाईही आली. पण गाडीभाडं वजा जाता हातात जे उरलं त्यात पोतंभर तांदूळही आला नसता. पुढच्या पावसाळ्यात तिने दाढ भाजली नाही.

शेजारच्या मळ्यांचं असंच. एकाने सोडलं की त्याच्या रानात डुकरांना लपायला जागा होते आणि त्याला लागून असलेला दुसरा हैराण होतो. मग दुसरा सोडतो. मग तिसरा. जंगल वाढतं ते असं, वाडीच्या दिशेने एकेक कुणगा पुढे सरकत. माकडांनी तर परसवाच बंद केला. पावटा, चवळी, काकडी, पडवळ, काही लावायची सोय उरली नाही. कौलांवर उड्या मारून ती फोडतात, म्हणून वाडीतल्या निम्म्या घरांवर आता पत्रे आहेत. आमच्याही.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबईतली कामं बंद पडली तेव्हा आमचा एक पुतण्या गावी येऊन राहिला. त्याने हिरिरीने यातले दोन कुणगे साफ करून भात लावलं. गणपतीपर्यंत शेत बघण्यासारखं होतं. दसऱ्याच्या आत डुकरांनी आटोपलं. तो परत गेला. काकीने त्याला दोष दिला नाही. "पोरगं राबला. पन आजूबाजूला सगळं रान आनि मदी दोन कुनगे. त्ये कसं टिकनार?"

दुसरा टप्पा पऱ्या ओलांडून वर. इथे मात्र रानमोडी संपली. वर झाडांची सावली झाली की ती आपोआप मरते. ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, मधेच एखादी शिवण. मांडीएवढ्या जाडीचे सरळसोट बुंधे, खाली पानांचा पातेरा. ठेकेदाराची नजर होती ती मुख्यतः या तुकड्यावर. काकी एका ऐनापाशी थांबली. त्याच्या बुडातून चार खोडं फुटून वर गेली होती. ती म्हणाली, "ह्या झाडाची कवळ तुज्या बापसानं तोडलेली. तू खाली उबा हुतास. आटवतंय?"

आठवत होतं. ते साल १९८२. मी बारा वर्षांचा होतो.

बाबा परळच्या एका गिरणीत होते. आई आणि आम्ही भावंडं गावी. आमच्या वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची रीत हीच. बापये मुंबईत, बायका शेतात, महिन्याला मनीऑर्डर. मुंबईत गावच्या मंडळींची एक सामाईक खोली होती. पाळीप्रमाणे लोक तिथे झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. बाबा वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. त्यांच्या अंगाला तेलाचा आणि कापसाचा एक वेगळाच वास यायचा.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळ्यांना वाटत होतं. बाबा शिमग्याला आले ते परत गेलेच नाहीत. मनीऑर्डर बंद. घरात खाणारी नऊ तोंडं आणि चार कुणग्यांचं भात. चैत्रात बाबा एक दिवस कोयती घेऊन डोंगरात गेले आणि आल्यावर आजीला म्हणाले, "मधला तुकडा फोडतो. नाचणी लावतो."

त्या आधी बारा-तेरा वर्षं तो तुकडा नुसता गवताला आणि कवळीला होता. बाबा आणि काका दोघांनी मिळून तो साफ केला. मी पालापाचोळा ओढायला. झाडं मुळासकट काढायची नसतात, हे मला तेव्हा कळलं. माणूस झाडावर चढून फांद्या छाटतो, त्या फांद्या म्हणजे कवळ. कवळ, गवत, शेण असं थरावर थर पसरून भाजावळ करायची. त्या राखेच्या जागी बी पेरायचं. बुंधा मात्र जिवंत ठेवायचा, कारण पुढच्या खेपेला त्यालाच कवळ फुटणार. पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरी, तिसऱ्या साली जमीन थकली की हरीक नाहीतर तीळ-कारळा, आणि मग काही वर्षं विश्रांती. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं हे गणित बाबांनी गिरणीत वीस वर्षं काढूनही विसरलेलं नव्हतं.

ती नाचणी चांगली आली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आम्ही तिच्यावर जगलो. सकाळी भाकरी, रात्री आंबील. मला ती अजिबात आवडायची नाही. शाळेत रेशनच्या तांदळाचा भात आणणाऱ्या पोरांचा हेवा वाटायचा.

संप मिटला नाही, विरून गेला. १९८४ च्या आसपास बाबांना मुंबईत वॉचमनची नोकरी मिळाली आणि ते गेले. वरीचं दुसरं पीक काढलेल्या त्या तुकड्याकडे मग कुणी फिरकलं नाही. छाटलेल्या बुंध्यांना फुटवे आले आणि त्यातले जोरदार वर गेले. बियांतून उगवलेलं झाड आधी मुळं धरतं, मग वाढतं. इथे मुळं जुनी, तयार. म्हणून असं रान झपाट्याने उठतं. मी त्या चार खोडांच्या ऐनाला हात लावून उभा राहिलो. त्या खोडांचं वय मी बोटांवर मोजू शकत होतो. ज्या वर्षी बाबांचा हात सुटला त्या वर्षीपासूनची ती.

मला वाटतं आमच्या भागातला कुठलाही डोंगर असाच वाचता येईल. कुठला तुकडा किती जुना हे झाडांना विचारावं आणि त्या साली मुंबईत काय चाललं होतं ते आठवावं.

तिसरा टप्पा खडा चढाचा. काकी दोनदा बसली. वर पोचल्यावर मात्र गारवा लागला. इथली झाडं दोन माणसांच्या कवेत मावतील अशी. किंजळी, बेहडा, आंबे, वर चढलेले वेल. वरच्या अंगाला गावाची देवराई, तिथून बिया इकडे आल्या असणार. आम्ही बसलो होतो तेव्हा डोक्यावरून धनेशाची जोडी गेली, पंखांचा घरघराट करत. आमच्याकडे त्याला गरुडच म्हणतात. फळं खाऊन बिया लांब नेऊन टाकणारा तो.

अशा जागी शहरातून आलेला माणूस म्हणेल, काय हे आदिम अरण्य! मलाही म्हणावंसं वाटलं. काकीने पातेरा बाजूला सारून एका दगडी गडग्यावर पाय ठेवला. "हा तुज्या आजाचा गडगा. मी लगीन हून आली त्या साली हितं शेवटची वरी झाली. १९६६ साल आसंल. हितनं खालपातूर झाड म्हनून नव्हतं. खळ्यात उबं ऱ्हायलं की ह्या गडग्यावर बसलेलं मानूस वळकाया यायचं."

म्हणजे ते अरण्य छप्पन्न वर्षांचं. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठं.

आजोबांच्या आयुष्यात हा सबंध डोंगर उघडा होता, हे मी लहानपणी ऐकलं होतं. पण ते दृश्य कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं. तसं पाहिलं तर कोकणातले डोंगर फार आधीच उघडे झाले होते. मराठ्यांच्या आरमाराला इथलं सागवान लागायचं, म्हणून त्याला काहीतरी राखण होती. इंग्रजी अमलात, १८२० च्या दशकात, दक्षिण कोकणचे कलेक्टर डनलॉप यांच्या जाहीरनाम्याने खातेदारांना आपल्या जमिनीतली झाडं तोडायची मुभा मिळाली. मुंबई वाढत होती, तिला जळण हवं होतं आणि समुद्रमार्गे ते नेणं सोपं होतं. १८८० सालच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरात डोंगर उघडे पडल्याचं वर्णन आहे. आजही या जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं. जे हिरवं दिसतं ते बहुतेक खासगी मालकीचं, कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरचं.

जळण गेलं तशी माणसंही मुंबईला गेली. १८५० च्या दशकात तिथे कापडगिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरी जिल्हा त्यांना हात पुरवणारा जिल्हा झाला. तरी डोंगर मोकळे राहिले, कारण मागे राहिलेल्यांना पोट होतं आणि डोक्यावर खोत होता. भाताचा अर्धा वाटा आणि वरकसातला तिसरा वाटा खोताच्या खळ्यावर जायचा. भात जवळजवळ सगळं देण्यात जायचं. घरात खायला नाचणी-वरी. म्हणून मिळेल तो उतार खणायचा. आजोबांनी हा गडगा रचला तेव्हा ही जमीन त्यांची नव्हती. दुसऱ्याच्या जमिनीत त्यांनी दगडावर दगड ठेवला.

१९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते त्या वेळी मंजूर झालं नाही. खोती नष्ट करणारा कायदा झाला तो १९४९ साली. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. आमच्या घरात त्या कागदाची पूजा झाली होती म्हणे. आजोबा पहिल्यांदा स्वतःच्या जमिनीचे मालक झाले. पण त्यांची मोठी दोन मुलं तोवर मुंबईच्या वाटेला लागलेली होती, आणि धाकटे काका एकटे किती उतार खणणार? पिढ्यान् पिढ्या हात होते, जमीन नव्हती. जमीन आली आणि नऊ वर्षांत वरचा तुकडा पडीक पडला.

रेशनचा तांदूळ आला, तेव्हा नाचणीसाठी खडा चढ चढायची गरज उरली नाही. मी हे वाईट म्हणणार नाही. त्या चढावर पाठीवर ओझी वाहून आमच्या आजीची कंबर चाळिशीतच वाकली होती. नाचणी पौष्टिक असते हे आता मुंबईत डॉक्टर सांगतात. पण त्या नाचणीच्या मागे किती बाळंतिणी चौथ्या आठवड्यात डोंगर चढल्या, ते काकीला विचारावं. मनीऑर्डरीवर चालणाऱ्या जिल्ह्यात शेती बाईच्या अंगावर पडली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. एरवी असा आकडा वाचून आपण खूश झालो असतो. इथे त्याचा अर्थ एवढाच की बापये घरात नाहीत.

आणि आता बायकाही कमी झाल्या. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांच्या घरात होती, ती २०११ ला १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घटली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आक्रसले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा वाटलं होतं, आता माणसं येतील. येतात, चार दिवसांसाठी. पूर्वी बापये जायचे आणि कुटुंब मागे राहायचं. आता सगळं बिऱ्हाडच जातं.

माणूस गेल्यावर जंगल येतं ते नुसतं शेती थांबली म्हणून नाही. त्यात बारीक बारीक गोष्टी असतात. पूर्वी घरटी आठ-दहा गुरं. ती डोंगरात चरायची, कोवळं रोप वर येऊच द्यायची नाहीत. गुराखी पोरं शाळेत गेली, मग मुंबईत गेली, गुरं विकली गेली. चुलीसाठी रोज मोळी यायची; सिलिंडर आल्यावर ती निम्म्यावर आली. गवत कापून वैरण भरायचे ते थांबलं. या सगळ्यामुळे झाडाला वाढायला सवड मिळाली. पण कापलं न गेलेलं तेच गवत सड्यावर उभ्याने वाळतं आणि फाल्गुन-चैत्रात वणवा लागला की कुणाच्यातरी काजूच्या बागेपर्यंत पोचतं. पूर्वी वणवा विझवायला अख्खी वाडी फांद्या घेऊन धावायची. आता वाडीत धावू शकतील अशी माणसं किती? मी मोजली. सहा.

१९९० नंतर रोजगार हमीतून फळबागेची योजना आली तेव्हा ज्यांच्याकडे माणूसबळ होतं त्यांनी उतारावर आंबा-काजू लावले. ते तुकडे रान होण्यापासून वाचले. बाकीचे असे.

वर बसल्या बसल्या काकीने पलीकडे हात केला. सह्याद्रीची भिंत दिसत होती. तिच्या माथ्यापलीकडे चांदोली आणि कोयनेचं रान. कोयना आणि वारणा या नद्यांवर धरणं झाली, अभयारण्यं झाली, आणि २०१० पासून तिथे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. त्या डोंगरांतली गावं उठवली गेली. त्यांच्या शेतांवरही आता जंगल आहे. त्या लोकांनी मोर्चे काढले, पर्यायी जमिनी मागितल्या, अजून मागतायत. आमच्याकडे तसं काही झालं नाही. आम्हाला कुणी उठवलं नाही. आम्ही एकेक करून उठलो, आणि कुणाकडे काही मागायचं असतं हेही आमच्या लक्षात आलं नाही.

"काकी, मग सही करू का नको?" मी विचारलं.

माझा अंदाज होता की ती नको म्हणेल. इतकी वर्षं तिने राखलेलं रान. शिवाय मधल्या तुकड्यात माझ्या बाबांचा घाम होता, आणि खरं सांगायचं तर मला ती झाडं ठेवायची होती. मुंबईत पंख्याखाली बसून मला त्यांचा आधार वाटतो.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हा वरचा नको दिऊस. ह्याच्या खालनं झरा निगतो. पयले तो शिमग्याला आटायचा, आता चैत पालवला तरी पानी आसतं. तेवड्यावर वाडीतली ऱ्हायलेली घरं पानी पितात. मदला दे."

"तो बाबांनी फोडलेला."

"पोटासाटी फोडलेला, बाबा. बगाया नाय. त्याला आसतं तर त्यानं काय क्येलं आसतं, तूच सांग."

मी काही बोललो नाही. उतरताना तिने मला सगळ्या हद्दी दाखवल्या. हा दगड, हा कुंभा, हा पऱ्याचा वळसा. प्रत्येक जागेला नाव. मी वहीत लिहून घेत गेलो. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली ती झाडांची नाही, त्या नावांची. झाडं तोडली तरी बुंध्यातून फुटतात. ही नावं एकाच बाईच्या तोंडात उरली होती.

कागद बदलायला दोन महिने गेले. तेवीस जणांपैकी पाच जण वरचा तुकडा वगळायला तयार नव्हते. पैसा कमी होतो म्हणाले. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, एकाची नोकरी गेलेली, एकाच्या घरी आजारपण. दोघा-तिघांनी काकीला फोन केला. तिने झऱ्याचं सांगितलं. शेवटी ऐकलं. वृक्षतोडीच्या परवानगीचे सोपस्कार झाले आणि २०२३ च्या उन्हाळ्यात मधला तुकडा तुटला. पऱ्याकाठची चार झाडं सोडायची असं ठरलं होतं, त्यातली दोन गेली. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "पोरांना समजलं नाही." लाकडाचे ट्रक घाटावर गेले. मी तेव्हा गेलो नाही. मला बघवलं नसतं, आणि सही तर माझीही होती.

आपल्या वाट्याच्या पैशातून काकीने झटका मशीन घेतलं, सौर पॅनेलवर चालणारं, तारेत हलका करंट सोडणारं. पुतण्याने येऊन ते बसवून दिलं. पाऊस लागल्यावर तुटलेल्या बुंध्यांना लालसर कोंब फुटले. त्यांच्या मधल्या जागेत, दीडेक गुंठ्यात, काकीने नाचणी लावली. घरातलं बी कधीच संपलं होतं. ते तिने पऱ्यापलीकडच्या गावातून मागून आणलं. त्या वयात ती रोज वर जात होती. फोनवर मी रागावलो तर म्हणाली, "आरं, शेतात जात्ये. कुटं लांब जात्ये?"

दिवाळीनंतर गावच्या एका गाडीतून तिने आमच्याकडे पिशवी पाठवली. पाच किलोही नसेल. अर्धी पाखरांनी खाल्ली, असा निरोप होता. बायकोने दळून आणली. पहिली भाकरी माझ्या ताटात पडली तेव्हा ती लहानपणी लागायची तशीच लागली, जरा कडवट. मी दोन खाल्ल्या.

मग वही काढून मुलीला हाक मारली आणि ती नावं तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. वडाकडचा, लांबट, दाढीचा बारका. तिने दोनदा चुकीची वाचली, माझं अक्षर वाईट आहे. तिसऱ्यांदा बरोबर वाचली.